पांडुरंगाचा पांडू होतो तेव्हा

'पांडुरंग' लिहायचं तर 'डु' ऱ्हस्व. 'पांडू' लिहायचं तर 'डू' दीर्घ. माणूस तोच, नावही तेच, मग एकदा उकार आखूड आणि एकदा लांब का? शाळेत मला हा प्रश्न पडायचा आणि "नियम आहे" एवढंच उत्तर मिळायचं. नियम आहेच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहितात आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांतले आतले इकार-उकार मुळाबरहुकूम. पण त्या नियमामागे आपलं तोंड आहे, हे मला फार उशिरा कळलं. मराठी माणूस शब्दाचा शेवटचा स्वर लांबवतोच. 'पांडुरंग' म्हणताना 'डु'वर रेंगाळायला सवड नसते, पुढे 'रंग' उभा असतो. तो 'रंग' काढून घ्या. पुढची जागा मोकळी होते आणि उकार तिथे पाय पसरतो.

आता तेच नाव लांबून हाकारून पाहा. "पांडूऽऽ!" हा 'ऊ' वाटेल तितका ताणता येतो. या बांधावरून त्या बांधावर, वाड्याच्या दारातून ओढ्यापलीकडे, भर पावसातसुद्धा तो पोचतो. 'पांडुरंग' असं पूर्ण नाव ओरडून पाहिलं तर शेवटच्या 'ग'पाशी घसा मिटतो आणि हाक तिथेच अडते. म्हणून तर देवाला हाक मारताना आपण 'पांडुरंगा' म्हणतो. शेवटी एक 'आ' जोडून घसा पुन्हा उघडतो. देवाचं नाव हाकेसाठी लांबवायचं आणि पोराचं तेच नाव हाकेसाठी तोडायचं, पण दोन्हीकडे शेवटी उघडा स्वरच लागतो, कारण हाक दूर जायची असते.

एवढ्याशा नावात इतकं काही भरलेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पांडू हे नाव आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही.

नाव तोडण्याची ही रीत किती जुनी असावी? पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, माणसांची नावं आखूड करण्याचे नियम आहेत. इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकातला हा वैयाकरण यज्ञाच्या मंत्रांचा आणि धातूंचा हिशेब मांडता मांडता मध्येच थांबतो आणि घरात पोरांना काय हाक मारतात त्याचाही नियम सांगतो. नाव लांबलचक असेल तर दुसऱ्या स्वरापाशी कापायचं, पुढचं सगळं गाळायचं आणि एक छोटासा प्रत्यय लावायचा. देवदत्ताचा देविक होतो, देविय होतो, देविल होतो. शेवलदत्तासारख्या काही नावांत तिसऱ्या स्वरानंतर कापायचं, हा अपवादही त्याने नोंदवून ठेवला आहे. नंतरच्या वैयाकरणांनी आणखी पुस्त्या जोडल्या. नावाचा उरलेला तुकडा उकारान्त असेल तर नुसता 'ल' पुरे, म्हणून भानुदत्ताचा भानुल. आणि कधी प्रत्ययाचीही गरज नाही, सत्यभामेला नुसतं भामा म्हटलं तरी चालतं.

आता आपलं नाव या नियमावर ठेवून पाहू. पांडुरंग. पहिला स्वर 'पां'मधला आ, दुसरा 'डु'मधला उ. तिथे कापा. उरतो पांडु! भानुलाच्या चालीवर त्याचा पांडुल झाला असता, आपण तो 'ल'ही लावत नाही. सातारा-सोलापूरकडच्या ज्या माउलीने अष्टाध्यायीचं नावही ऐकलेलं नाही, तिची जीभ नेमकी त्याच सांध्यावर कापते. हे पाणिनीकडून वारशाने आलं असं मी म्हणत नाही. दोन्हीकडे कान सारखाच लागला, याचंच मला नवल वाटतं.

त्याहून मोठं नवल पुढे आहे. हे नियम ज्या प्रकरणात येतात त्याच्या डोक्यावर पाणिनीने एक अट घातली आहे. नाव आखूड करायचं ते 'अनुकंपा' असेल तेव्हा. अनुकंपा, म्हणजे दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कापणं. व्याकरणाच्या इतक्या कोरड्या ग्रंथात, नाव का तोडतात याचं कारण म्हणून हा शब्द बसवलेला आहे. घाई होते म्हणून किंवा तोंडाला जड जातं म्हणून असं तो म्हणत नाही.

मराठीत उकाराचं हे लेणं फार प्रिय. रघुनाथ, मधुकर, भानुदास आणि पांडुरंग ही भाग्यवान नावं, त्यांच्यात उकार आधीपासून जागेवर आहे. कापलं की रघू, मधू, भानू, पांडू तयार. बाकीच्यांना तो बाहेरून आणून लावावा लागतो. दत्तात्रयाचा दत्तू, सदाशिवाचा सदू, चंद्रकांताचा चंदू, गणपतरावांचा गणू, बाळकृष्णाचा बाळू. यांतल्या एकाही मूळ नावात त्या जागी 'उ' नव्हता. नावाचं पहिलं भरीव अक्षर धरायचं आणि त्याला 'ऊ' लावायचा, हे न शिकवता सगळ्यांना येतं. उद्या एखादं अगदी नवं नाव घरात आलं तरी आठवड्याभरात त्याचाही 'ऊ' तयार झालेला असतो.

आणि हा 'ऊ' व्याकरणातही आपला वेगळा मान सांभाळून आहे. मराठीतली साधी नामं विभक्ती लागली की वाकतात. लाडू, पण लाडवाचा. विंचू, पण विंचवाचं. ऊकारान्त विशेषनाम मात्र ताठ उभं राहतं. पांडूचा, पांडूला, पांडूकडे. घरात 'भाऊ' नावाचा माणूस असेल तर 'भाऊला सांग' आणि 'भावाला सांग' ही दोन वेगळी कामं होतात. पहिल्यात नाव आहे, दुसऱ्यात नातं. आपण दिवसातून दहा वेळा हा फरक करतो आणि एकदाही अडखळत नाही.

पांडू हा फक्त पहिला मुक्काम. एकाच माणसाच्या अंगावर दिवसभरात हे नाव किती वेळा कपडे बदलतं ते बघण्यासारखं आहे. सकाळी आई म्हणते पांडू. पारावरचा मित्र म्हणतो, "पांड्या, लेका, काल कुठं होतास?" त्या 'या'मध्ये शिवीची धार आहे आणि गळ्यात टाकलेला हातही आहे. अनोळखी माणसाने हाच शब्द वापरला तर भांडण होईल. कोल्हापूर-साताऱ्याकडे वयाने जरा पुढे गेला की तो पांडबा होतो. पुतण्यांचा पांडूतात्या, शेजारच्या सुनांचा पांडूअण्णा. सोयरिकीच्या बैठकीत मात्र तो पांडुरंगराव असतो. आणि नावाबरोबर क्रियापदही उठून उभं राहतं. पांडू आला, पांडबा आला, पण पांडूतात्या आले, पांडुरंगराव आले. नावाला एक नातं चिकटलं की सबंध वाक्य आदबीने बोलू लागतं.

जुन्या घरांतून त्याची बायको यांतलं एकही नाव तोंडाने घेत नसे. तिच्यासाठी तो 'हे' किंवा 'इकडून'. वर्षातून एखाद्या हळदीकुंकवाला, मंगळागौरीला आग्रह झाला तर उखाण्यात नाव यायचं आणि ते नेहमी पूर्ण यायचं, 'पांडुरंगराव'. सगळं गाव ज्याला पांडू म्हणतं त्याचं अख्खं नाव त्याच्या घरात फक्त उखाण्यात ऐकू यावं, हे मला फार हलवून जातं.

आता अर्थाकडे. संस्कृतात पांडु म्हणजे फिका, पिवळसर पांढरा. महाभारतातला पांडुराजा या अर्थाचाच. व्यासांना पाहून अंबालिका भयाने पांढरी पडली आणि तिचं मूल फिकट जन्मलं, अशी ती कथा. आयुर्वेदात अंगातलं रक्त आटून माणूस निस्तेज दिसू लागतो त्याला पांडुरोग म्हणतात. आपला रोजचा 'पांढरा' हा शब्द त्याच कुळातला, पाण्डर या संस्कृत शब्दावरून आलेला. तेव्हा पांडू आणि पांढरा ही चुलतभावंडं. पण शापित राजाचं किंवा रोगाचं नाव कोणी पोराला ठेवत नाही. आपला पांडू तिकडून आलेलाच नाही, तो पांडुरंगातून कापून काढलेला आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच उंबऱ्यावर उभे आहेत.

मग पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा. आणि इथेच माणूस थबकतो. कारण पंढरपूरच्या गाभाऱ्यात जी मूर्ती उभी आहे ती काळी! संतांनी जिच्या सावळेपणाची आयुष्यभर वर्णनं केली, तिला गोरा, पांढरा म्हणायचं? आपण हे नाव इतक्या सवयीने घेतो की हा विरोध कधी खुपतच नाही.

तो अभ्यासकांना मात्र खुपला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्र या जैन पंडिताने देशी शब्दांचा जो कोश केला त्यात हे नाव रुद्राचं म्हणून येतं. रुद्र म्हणजे शिव, आणि शिव कापरासारखा गोरा. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी असा तर्क केला की पंढरपुरात पूजल्या जाणाऱ्या शिवाचं हे नाव असावं आणि विठ्ठलाचं महत्त्व वाढत गेलं तसं ते त्याच्याकडे आलं असावं. दुसरी वाट आणखी गमतीची आहे. तेराव्या शतकातल्या कन्नड शिलालेखात पंढरपूरचं नाव 'पंडरगे' असं येतं. पंडरगेचा देव म्हणून त्याला गावावरून जे नाव पडलं, त्यालाच पुढे संस्कृतचा पेहराव चढवून पांडुरंग केलं, असं मानणारे अभ्यासक आहेत. रा. चिं. ढेरे यांच्या १९८४ साली निघालेल्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या सगळ्या धाग्यांचा जो शोध आहे तो कुतूहल असलेल्या प्रत्येकाने वाचावा. ही दुसरी वाट मला अधिक पटते. कारण गावाच्या नावावरून देवाला ओळखणं ही आपल्या मुलखाची चालच आहे. जेजुरीचा, तुळजापूरची, आळंदीचा असंच आपण बोलतो.

ते खरं असेल तर आपल्या पांडूच्या नावात पांढरेपणा मुळात नव्हताच. आधी एक गाव. गावावरून देव. देवाच्या नावात पुढे भरलेला रंग. देवावरून मूल, आणि मुलाच्या आईने पुन्हा काढून टाकलेला रंग! 'रंग' गाळून 'पांडू' म्हणणारी आई न कळत त्या नावाला त्याच्या जुन्या गावाच्या थोडं जवळ नेऊन ठेवते. पंडरगे, पंढरी, पांडू. हे तीन शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहा.

पांढऱ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, जरा आडवाटेचं असलं तरी. आपल्या खेड्यांत जमिनीची जुनी वाटणी दोनच शब्दांत होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, माणसांची वस्ती. शेकडो वर्षं मातीच्या भिंती उठल्या, पडल्या, चुलींची राख साचली, तिच्यावर पुन्हा घरं झाली. त्या साचलेल्या मातीचा रंगच फिका, करडा-पांढरा झाला. म्हणून ओसाड पडलेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला लोक 'पांढर' किंवा 'पांढरीचं टेकाड' म्हणतात, आणि दख्खनमध्ये उत्खनन करणारे पुरातत्त्वाचे लोक खेड्यात गेले की आधी हीच पांढरी कुठे आहे ते विचारतात. पांढरा हा आपल्याकडे माणसांनी राहून राहून आणलेला रंग आहे. पंढरीच्या नावाशी याचा धागा जोडायला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी तो जोडत नाही. पण काळ्या रानातून पांढरीकडे परतणाऱ्या पोराला 'पांडू' अशी हाक येते, ही जुळणी मला विसरता येत नाही.

आणि हे नाव समुद्रापार किती लांब गेलं होतं! आजच्या व्हिएतनामच्या मध्य आणि दक्षिण भागात चंपा नावाचं हिंदू राज्य होतं. त्यातल्या दक्षिणेकडच्या प्रदेशाचं नाव होतं पांडुरंग. बाकीचं चंपा गेल्यावरही हा तुकडा टिकून राहिला, तो १८३२ पर्यंत. तिथे टेकडीवर विटांचं शिवमंदिर अजून उभं आहे आणि खालच्या शहराचं नाव आहे फान रांग. चाम लोकांच्या तोंडी पांडुरंगाचं पानरांग झालं, व्हिएतनामी तोंडात त्याचं फान रांग. पंढरपूरच्या देवाशी त्या नावाचा थेट संबंध दाखवता येत नाही, तिथला पांडुरंग शिवाच्या घरचा. पण जिभेने केलेलं काम बघा. आपण नावाचं शेपूट कापलं आणि 'पांडू' ठेवलं, त्यांनी मधला 'डु' गिळला आणि 'रंग' जपून ठेवला.

आता परत चंद्रभागेच्या वाळवंटात येऊ, कारण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते इथलं आहे. विठ्ठलाचं नाव भक्तांनी हवं तसं आखूड केलं. विठू, विठोबा, विठाई. जनाबाईंनी तर भांडणाच्या भरात त्याला विठ्या म्हटलं आहे. पण पांडुरंग या नावाला देवाच्या बाबतीत कोणी हात लावला नाही. देवाला 'पांडू' म्हटलेलं मी तरी वारीत, भजनात, कीर्तनात कुठेही ऐकलेलं नाही. हे नाव आखूड होतं ते माणसाकडे आल्यावरच.

त्याउलट, त्या देवापुढे उभं राहताना माणसांनी स्वतःची नावं आपल्या हाताने कापली. अभंगाच्या शेवटी कवीची जी नाममुद्रा येते ती आठवा. नामदेव तिथे नामा आहे. तुकाराम तुका आहे. जनाबाई जनी, चोखामेळा चोखा, आणि गुरू जनार्दनांच्या नावाशेजारी आपलं नाव ठेवताना एकनाथ नुसता एका. तुकाराम देहूच्या चांगल्या वाण्याच्या घरचे, महाजनकीचं घर. व्यवहाराच्या कागदावर त्यांचं नाव असं आलं नसतं. पण अभंगाच्या शेवटी ते आईने हाक मारावी तसे उभे राहतात. पाणिनी म्हणाला होता, अनुकंपा असेल तिथे नाव आखूड होतं. इथे अनुकंपा मागण्यासाठी नाव आखूड केलेलं आहे. जणू ते देवाला सांगताहेत, मला या नावाने हाक मार.

भागवतात अजामिळाची कथा आहे. मरणाच्या भयाने त्याने आपल्या धाकट्या मुलाला, नारायणाला, हाक मारली आणि त्या नावाच्या बळावर तो सुटला. पोरांना देवांची नावं ठेवण्यामागे हा विचार आपल्याकडे होता. भाकरी थापताना, गुरं हाकताना, रागावताना देवाचं नाव तोंडी येत राहावं. मग 'पांडू' म्हटल्यावर ते नाव पोचतं की अर्ध्यावर राहतं? माझ्या मते पोचतं. जे नाव दिवसातून शंभरदा घ्यायचं ते खिशात मावेल एवढं लहानच करावं लागतं.

पण सगळीच कात्री मायेची नसते, हे सांगितलं नाही तर मी खोटं बोललो असं होईल. साठीच्या गडीमाणसाला मालकाचा दहा वर्षांचा मुलगा 'पांड्या' म्हणून बोलावतो आणि तो "जी" म्हणून उठतो, असं आपल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या चाललं. तिथे शब्द तोच, 'या' तोच, फक्त अनुकंपा नाही. ज्याचं नाव तोडलं जातं त्याला उलट तोडता येतं का, हा मला सगळ्यात खरा कस वाटतो. मित्रांमध्ये पांड्यालाही उलट 'गण्या' म्हणता येतं. मालकाच्या अंगणात तसं म्हणता येत नव्हतं. चोखा स्वतःला चोखा म्हणवतात ते वेगळं, आणि त्यांना देवळात न घेणाऱ्यांनी चोखा म्हटलं ते वेगळं. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. पुढे मे १९४७ मध्ये त्याच देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून पंढरपुरात एक माणूस प्राणांतिक उपोषणाला बसला आणि दार उघडलं. ते होते साने गुरुजी. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव साने. पांडुरंगाच्या दाराशी पांडुरंगच बसला होता, हे ध्यानात आलं तेव्हा मी वाचता वाचता थांबलो होतो.

साने गुरुजींना कोणी कागदावर पांडू लिहीत नाही. लिहितात पां. स. साने. आणि पाहा, कागदानेही नाव आखूडच केलं, पण दुसऱ्या ठिकाणी. मराठी आद्याक्षर नुसतं एक व्यंजन घेत नाही, काना-मात्रा-अनुस्वारासकट सबंध अक्षर उचलतं. म्हणून 'प.' नाही, 'पां.'. तोंडाने दुसऱ्या स्वरापर्यंत जाऊन पांडू केलं, लेखणीने पहिल्यावरच थांबून पां. केलं. एकात जवळीक वाढते, दुसऱ्यात अंतर. धर्मशास्त्राचा अवाढव्य इतिहास लिहिणारे आणि १९६३ साली भारतरत्न मिळालेले पां. वा. काणे हे पांडुरंग वामन. त्यांच्याच वर्षी, १८८० मध्ये, जन्मलेले मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट हे पांडुरंग महादेव. गदर चळवळीत लढून मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करणारे आणि चित्रकार दिएगो रिव्हेरांच्या भित्तिचित्रात दिसणारे खानखोजे, तेही पांडुरंग. स्वाध्यायाचे पांडुरंगशास्त्री आठवले लाखो लोकांचे 'दादा' झाले. गोव्यात इतिहासकार पिसुर्लेकरांचं नाव पोर्तुगीज कागदांत 'पांडुरोंगा' असं लिहिलं गेलं. या मंडळींपैकी कोणाकोणाला आईने पांडू म्हटलं असेल? ती हाक कुठे लिहून ठेवलेली नसते.

जी पांडू हाक लिहून ठेवली गेली ती दुसऱ्याच कारणाने. १९७५ साली दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' आला. दादा स्वतः पांडू, त्यांच्याबरोबर अशोक सराफ. भोळा, गोंधळणारा, माणुसकी न सोडणारा तो पोलीस लोकांनी एवढा उचलून धरला की मुंबईत हवालदार म्हणजे पांडू हे समीकरणच होऊन बसलं. २०२१ मध्ये भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांचा नुसता 'पांडू' नावाचा चित्रपट आला तेव्हा तो पोलिसांवर आहे हे कोणाला सांगावं लागलं नाही. तेलुगूत 'पंडू' हा वेगळाच शब्द, अर्थ फळ, आणि लाडाचं नाव म्हणून तो तिकडेही चालतो. २००६ च्या 'पोकिरी'त महेश बाबूचं पात्र याच नावाने वावरतं आणि शेवटी तेही पोलीसच निघतं! योगायोग, पण काय योगायोग.

हवालदाराच्या पाठीमागे पांडू म्हणतात, तोंडावर साहेब, आणि चौकातल्या वाहतूक पोलिसाला मामा. पांडू ऐकून कित्येक पोलिसांना वाईट वाटतं आणि ते वाटणं रास्त आहे. बारा-बारा तास उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याच्या नावाने ओळखायला हवं. तरीही सरकारची जी सगळ्यात खालची, हाताला लागेल अशी पायरी, तिला लोकांनी परक्याचं नाव दिलं नाही, घरातलं दिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सरकारशी या नावाची गाठ दुसरीकडेही पडते. जुन्या सातबाऱ्यावर, हक्कनोंदीत तलाठ्याने ऐकलं तसं लिहिलं. पांडू, वलद राणू. आधार कार्डावर तो पांडुरंग, शाळेच्या दाखल्यावर आणखी काही. मग वारसांना प्रतिज्ञापत्र करावं लागतं की पांडू आणि पांडुरंग ही एकाच व्यक्तीची दोन नावं आहेत. 'पांडुरंग उर्फ पांडू'. उर्फ हा अरबीतून आलेला शब्द, जे माहीत आहे ते, लोक ज्याने ओळखतात ते. स्टँपपेपरवर तोच एक शब्द आई आणि शासन यांच्यामध्ये उभा असतो.

बारशाला आत्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते तेव्हा ते पूर्ण असतं, पांडुरंग. पुढे ते तसं फारसं कोणी म्हणत नाही. मागे एकदा तालुक्याच्या गावी बँकेत पेन्शनच्या दिवशी मी बसलो होतो. खिडकीतून नाव आलं, पांडुरंग आणि पुढे बापाचं, आडनावासकट. कोणी उठलं नाही. पुन्हा नाव आलं. माझ्या समोरच्या बाकावर धोतर नेसलेले एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून दाराबाहेर बघत होते. तिसऱ्यांदा नाव आल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आरं पांडू, तुला बोलावत्यात."

आजोबा लगेच उठले.